आमच्या फ्रिजमधली लग्नाची बिअर

बिअरचा एक घोट मी आयुष्यात घेतला. कडू लागला, म्हणून दुसरा घेतला नाही. पण घरी केलेली बिअर ताजी कशी ठेवायची, हे मला विचारा. एका उन्हाळ्यात पाच गॅलन बिअर मी आणि माझ्या सासूबाईंनी पाच आठवडे सांभाळली होती, तीही आमच्या एकुलत्या एक फ्रिजमध्ये. सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा अमेरिकेत, ॲन आर्बरला राहत होतो. हे युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये होते, मी घरी. शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेले, बायको जाऊन सहा-सात वर्षं झालेली. त्यांच्या बेसमेंटमध्ये बिअर बनवायचा सगळा पसारा होता. आमच्या ह्यांना त्याचा नाद लागला तो तिथेच. शनिवार आला की दोघं बेसमेंटमध्ये, आणि घरभर भिजल्या धान्याचा, उकडलेल्या सातूसारखा गोडसर वास.

त्या वर्षी जानेवारीत आजोबा बर्फावरून घसरले आणि त्यांचा खांदा मोडला. मी त्यांना आजोबाच म्हणायची, मनातल्या मनात. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने जड उचलायचं नाही. मग त्यांनी आपला केग आम्हाला दिला. केग म्हणजे फार काही नाही हो. उभट स्टीलचा डबा, गुडघ्याच्या थोडा वर येईल इतका. वर लंबगोल झाकण, झाकणाला रबराची रिंग, आणि दोन तोंडं: एकातून आत दाब द्यायचा, दुसऱ्यातून बिअर बाहेर. झाकणावर एक छोटी कडी, ती ओढली की फुस्स करून आतला दाब सुटतो. आपल्या कुकरचा लांबचा भाऊच समजा.

दाब द्यायला गॅसचं नळकांडं लागतं. पण आमचे हे शास्त्रज्ञ पडले. म्हणाले, "दाबाला काय, कुठलीही हवा चालेल." आणि सायकलचा पंप जोडला. पहिल्या दिवशी मित्र आले, प्यायले, वाहवा झाली. चौथ्या दिवशी ह्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"काय झालं हो?"

"पुठ्ठा. भिजलेला पुठ्ठा चघळल्यासारखं लागतंय."

हवेतला ऑक्सिजन बिअरला मिळाला की ती शिळी होते, हे ह्यांना माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलेलंच होतं. पण पुस्तकातलं घरात लागू पडतं हे पुरुषांच्या उशिरा लक्षात येतं.

सासूबाई नुकत्याच भारतातून आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. घरात बिअर होते म्हटल्यावर त्या रागावतील, अशी मला भीती होती. हे बेसिनमध्ये केग उपडा करत होते आणि त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"किती होतं रे ते?"

"वीस लिटर असेल, आई. जवळजवळ."

"वीस लिटर! आणि सगळं मोरीत?"

"आई, बिअर आहे ती. दूध नाही."

"मग काय झालं? धान्यच ना ते? कुणीतरी पिकवलं, कुणीतरी शिजवलं. प्यायचं तर पी बाबा, मोठा झालास, मी काय सांगणार. पण नासवायचं असेल तर करू नकोस."

बस. बिअर पिण्याबद्दल त्या एवढंच बोलल्या, त्या दिवशी आणि नंतरही. पण नासण्याबद्दल मात्र त्या उन्हाळा संपेपर्यंत बोलत राहिल्या.

मार्चमध्ये आजोबा आमच्याकडे चहाला आले. हात गळ्यात अडकवलेला, चेहरा लाल. म्हणाले, "मी लग्न करतोय." नवरी म्हणजे गावातल्या लायब्ररीत काम करणाऱ्या बाई. पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, आवाज गोड. दोघांची वयं मिळून एकशे तीसच्या पुढे. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, त्यांच्याच मागच्या अंगणात लग्न.

ह्यांनी विचारलं, भेट काय हवी?

"भेट नको. एक केग बिअर हवी. माझा खांदा धड असता तर मीच केली असती. पण ताजी हवी हं. माझ्या पहिल्या लग्नात बिअर शिळी निघाली होती. पाहुणे तीस वर्षं तेच सांगायचे. बायकोही सांगायची. या वेळी मी हिला शब्द दिलाय."

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी आजोबांकडे बघून ठामपणे मान हलवली, आमच्या घराच्या वतीने कबूल करून टाकल्यासारखी.

आता पंप बाद झाला. हे आग विझवायचे सिलिंडर भरून देणाऱ्या दुकानातून कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं भरून घेऊन आले. नवी बिअर तयार होऊन एप्रिलच्या सुरुवातीला केगमध्ये गेली. आणि इथे मी घोळ घातला.

त्याच आठवड्यात सासूबाई हिरव्या सफरचंदाचं लोणचं घालत होत्या. कैरी मिळायची नाही ना तेव्हा तिथे, मग आम्ही आंबट हिरवी सफरचंदं वापरायचो. फोडणी गार करून ठेवली होती, लोणच्यावर ओतायला. त्या मला समजावत होत्या: फोडी तेलाखाली बुडल्या पाहिजेत, हवा लागली की बुरशी. माझ्या डोक्यात लख्ख दिवा लागला. हवाच नको ना बिअरला? मग झाकणाच्या रिंगला तेल लावलं तर? मी फोडणीच्या वाटीत बोट बुडवून रिंगला फिरवलं. दोनदा. भरपूर. झाकण इतकं छान बसलं म्हणून सांगू.

पंधरा दिवसांनी आजोबा चाखायला आले. ह्यांनी ग्लास भरला. फेस नाही. जरासुद्धा नाही. ताकावरचं लोणी काढून घेतल्यासारखी बिअर निपचित पडलेली. तेलाने फेस मरतो, हे मला काय माहीत? आजोबांनी वास घेतला, घोट घेतला, छताकडे बघितलं.

"वेगळीच आहे," म्हणाले. "यात काय घातलंय तुम्ही?"

"काही नाही," हे म्हणाले.

सासूबाईंनी ग्लास हातात घेऊन हुंगला आणि माझ्याकडे वळल्या. "अगं, हिंग आहे ह्यात."

मला तिथल्या तिथे धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण आजोबा इतके हसले की दुखरा खांदा धरून बसले. म्हणाले, चाळीस वर्षं बिअर करतोय, ही चूक अजून कुणी केलेली ऐकली नव्हती.

ती बिअर मात्र सासूबाईंनी ओतू दिली नाही. भज्यांच्या पिठात पाण्याऐवजी तीच घातली. "हिंग आयताच पडलाय," म्हणाल्या. इतकी कुरकुरीत भजी मी जन्मात खाल्ली नव्हती. तीन रविवार आमच्याकडे येणारा-जाणारा भजी खात होता. सासूबाईंनीही दोन खाल्ली. "तळल्यावर काय उरतंय त्यात," एवढं म्हणाल्या आणि तिसरं घेतलं.

तिसरी बिअर मेच्या मध्यावर केगमध्ये गेली. या वेळी कसर ठेवली नाही. केग सोड्याच्या गरम पाण्याने धुतला, नळी धुतली, तोंडं खोलून धुतली. बिअर भरताना नळी थेट तळाशी सोडली, म्हणजे खळखळ होऊन हवा मिसळायला नको. झाकण लावून गॅस सोडला, कडी ओढून फुस्स केलं, पुन्हा गॅस, पुन्हा फुस्स, चार-पाच वेळा. गॅस जड असतो, तो बिअरवर पांघरुणासारखा बसतो आणि वरची हवा बाहेर जाते. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तेलाचा थरच की! फक्त गॅसचा."

"हो आई, अगदी तेच," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि रिंग नवी लावलीस ना? त्या जुनीतला हिंग जन्मात जायचा नाही."

"लावली," मी म्हटलं.

लावली नव्हती. खोटं बोलले. जुनी रिंग चांगली होती हो! नुसता वास तर होता. मी ती सोड्याच्या पाण्यात चार वेळा खळखळा उकळली, वास गेला, आणि मी गुपचूप तीच बसवली. चांगली वस्तू टाकवत नाही, त्याला काय करायचं.

आठवड्याने चाखली. अशी बिअर झाली होती म्हणे! ग्लासावर दोन बोटं फेस. आजोबांनी ह्यांच्या पाठीवर चांगल्या हाताने थाप मारली. आणि दोनच दिवसांनी नवरीबाईंच्या पोटात कळा आल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन. तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण लग्न पुढे गेलं. जुलैचा पहिला शनिवार.

आजोबा पायरीवर बसून म्हणाले, "पाच आठवडे. बेसमेंट आता तापणार. ही टिकायची नाही, आणि या गरमीत नवी करता येणार नाही. जाऊ दे, दुकानातून आणू." बोलले हसून, पण खाली बघून.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि आम्हाला भांड्यांचे आवाज यायला लागले. जाऊन बघतो तर त्यांनी फ्रिज रिकामा करायला काढलेला! भाज्या टेबलावर, दह्याचं पातेलं ओट्यावर, जाळीचे कप्पे भिंतीला टेकवलेले.

"आई, हे काय?"

"बसतो का बघ ह्यात तो डबा."

"आणि भाजी? दूध?"

"भाजी रोज आणू. तुम्ही लोक आठ-आठ दिवसांची भाजी गारठवून खाता, ती काय भाजी झाली? दूध दारातल्या फळीवर राहील. आण तो डबा."

केग बसला. नेमका बसला. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई आणि मी पिशवी घेऊन रोज चालत दुकानात. रस्त्यावर चालणाऱ्या आम्ही दोघीच. एक-दोन गाड्या थांबून विचारायच्या, राइड हवी का? सासूबाई हात हलवून म्हणायच्या, "नो, नो, व्हेजिटेबल!" आल्यापासून त्या घरात कोंडल्यासारख्या झाल्या होत्या, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. आता चेहऱ्यावर तजेला आला. दुकानातल्या पोरी त्यांना नावानिशी ओळखायला लागल्या.

दर रविवारी हे केगला काटा जोडून दाब बघायचे. दोन रविवार ठीक. तिसऱ्या रविवारी काटा खाली.

"गारठ्याने होतं थोडं," म्हणाले आणि गॅस भरला. चौथ्या रविवारी सकाळी काटा जवळजवळ तळाला. हे खुर्चीत बसले. "कुठून तरी गळतंय. गॅस जातोय, म्हणजे आता हवा आत येणार. पुढच्या शनिवारी लग्न. पुन्हा पुठ्ठा."

"कुठून गळतंय ते बघ की," सासूबाई म्हणाल्या.

"आई, गॅस दिसतो का?"

"घरी गॅसचा नवा सिलिंडर आला की आम्ही काय करतो?" त्यांनी वाटीत भांडी घासायचा साबण घेतला, पाणी घालून फेस केला आणि मला म्हणाल्या, "अगं, लाव."

केग बाहेर काढून जमिनीवर ठेवला. ह्यांनी गॅस सोडला. मी एका तोंडाला फेस लावला, दुसऱ्या तोंडाला लावला. काही नाही. झाकणाकडे हात जाईना. मला माहीत होतं ना कुठे बुडबुडे येणार ते. शेवटी लावला. रिंगच्या एका बाजूने टपोरे बुडबुडे, एकापाठोपाठ एक, उकळी आल्यासारखे.

"नवी रिंग आणि गळते?" हे म्हणाले.

"नवी नाही," मी वाटी खाली ठेवत म्हटलं. "तीच आहे. हिंगाची. उकळून लावली."

"अगं, पण का?"

"चांगली होती हो. टाकवेना."

हे बोलायला लागणार तेवढ्यात सासूबाई मध्ये पडल्या. "तिला काही बोलू नकोस. कुकरची रिंग सैल झाली की आम्ही फ्रिजात ठेवून वर्ष वर्ष चालवतो." मग माझ्याकडे वळून हळूच, "पण उकळायची नाही गं. रबर कडक होतं. मला विचारायचंस."

रविवार. केगची रिंग मिळायची ती दुकानं बंद. आजोबांकडे जाण्याशिवाय इलाज नव्हता, आणि जायचं मीच, हे न बोलता ठरलं. ते अंगणात एका हाताने गुलाबाच्या वाळक्या फांद्या छाटत होते. मी माझ्या तुटक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तेल, उकळणं, ह्यांना थाप मारली ती, सगळं. डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, या माणसाचं दुसरं लग्नही मी शिळं केलं.

त्यांनी कात्री खाली ठेवली. "केव्हा सापडलं?"

"आत्ताच."

"आणि आत्ता सांगायला आलीस?" ते हसले. "माझ्या पहिल्या लग्नाच्या वेळी पिंपाचं बूच माझ्या भावाकडून सैल राहिलं होतं. त्याला माहीत होतं. त्याने मला सांगितलं कधी? वीस वर्षांनी! चल."

बेसमेंटमधून त्यांनी कॉफीचा डबा काढला. आत रिंगाच रिंगा. जुन्या, नव्या, चिरलेल्या, ताणलेल्या. मी बघतच राहिले. म्हणाले, "काय करू, टाकवत नाहीत." त्यातली नवी शोधायलाच आम्हाला दहा मिनिटं लागली.

मग आमच्या स्वयंपाकघरात मोहीम. झाकण उघडलं की हवा आत जाणार, म्हणून चटकन व्हायला हवं. आजोबा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते. हे झाकण काढणार, मी जुनी रिंग उतरवून नवी चढवणार, तीही नुसत्या पाण्याने ओली केलेली. गॅसची नळी आत मंद सुरूच ठेवायची, म्हणजे पांघरूण हलणार नाही. सासूबाई आकडे मोजणार. त्यांना दहाच्या आत हवं होतं.

"एक... दोन... अगं, नखाने काढ! ... चार... उलटी नाही ना? ... सहा... सात... लाव रे, लाव!... नऊ!"

खट्. झाकण बसलं. गॅस, फुस्स, गॅस, फुस्स. पुन्हा साबणाचा फेस. आम्ही चौघं वाकून झाकणाकडे बघत होतो, डॉक्टर पेशंटकडे बघतात तसे. एकही बुडबुडा नाही. आजोबांनी सासूबाईंपुढे हात केला. त्यांनी आधी पदराला हात पुसला आणि मग मिळवला.

आणि तरी खरं काय ते शनिवारीच कळणार होतं. दोन आठवडे ती रिंग गळत होती, आत किती हवा गेली कोण सांगणार? तो आठवडा मी धड जेवले नाही.

लग्नाला ऊन छान पडलं होतं. सासूबाई जांभळ्या रेशमी साडीत, पायात रोजच्या चालण्याचे बूट. केग बर्फाच्या टबात झाडाखाली. शपथा झाल्या, टाळ्या झाल्या, आणि आजोबा सरळ केगकडे आले. पहिला ग्लास त्यांनी स्वतः भरला, जरा तिरका धरून, शेवटी सरळ करत. फेस वर आला. एक बोट. दोन बोटं. काठावर येऊन थांबला.

ते प्यायले नाहीत. त्यांनी ग्लास सासूबाईंच्या हातात दिला. "मदर, तुम्ही सांगा."

सासूबाईंनी डोळे मिटले, नाक ग्लासाजवळ नेलं. आमच्याकडे लोणच्याची बरणी उघडताना नेतात तसं. लोकांना काहीच माहीत नव्हतं, पण तेही पुढे सरकून बघू लागले.

"नासलेली नाही," त्या म्हणाल्या.

"त्या म्हणतायत, ताजी आहे," मी ओरडले, जरा जास्तच मोठ्याने.

नवरीबाईंनी ग्लास घेतला आणि भला मोठा घोट घेतला. ओठांवर पांढरी मिशी. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "शब्द पाळलास." आजोबांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. पहिल्या लग्नातला तो भाऊही आला होता, काठी टेकत. तो तीन ग्लास प्यायला.

दुपारी चारच्या सुमाराला नळातून नुसता फेस फुरफुरला. केग संपला. सासूबाई झाकण उघडून आत डोकावल्या, खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "एक थेंब वाया गेला नाही." त्या दिवसाचं त्यांना सगळ्यात जास्त कौतुक त्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फ्रिजचे कप्पे परत बसवले. म्हटलं, चला, आता आठवड्याची भाजी एकदम आणता येईल. मागे वळून बघते तर सासूबाई बूट घालून, पिशवी घेऊन दारात उभ्या.

"चल ना, उन्हं तापायच्या आत जाऊन येऊ."

ऑगस्टमध्ये त्या परत जाईपर्यंत आम्ही रोज गेलो.

ती कडक झालेली रिंग मी त्याच दिवशी टाकून दिली, असं मी ह्यांना सांगितलं होतं. आता इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलू? माझ्या बेसनाच्या डब्याच्या झाकणाला ती अगदी घट्ट बसते.